गाडी बारा देईल

९ नोव्हेंबर

गाडी आठ देते.

हे बायकोने, संयोगिताने, आज जेवताना आईसमोर काढलं. तिच्या शाळेतल्या राजेश्वरी बाईंची लहान गाडी लिटरला बावीस देते म्हणे. मी म्हणालो, ती गाडी नाही, डबा आहे. ती म्हणाली, डब्यातून मी वेळेवर शाळेत तरी पोचेन.

ती माधवनगरहून तासगावला रोज एस.टी.ने जाते. गाडी दारात उभी असते. मी तिला कधी नाही म्हटलेलं नाही. एवढंच म्हणालो होतो की इतकी मोठी गाडी एका माणसासाठी बाहेर काढणं म्हणजे डिझेलचा अपमान.

शेवटी ठरलं ते असं. पौष पौर्णिमेला आईला औंधला यमाईच्या दर्शनाला न्यायचं असतंच. त्या दिवशी जाऊन-येऊन गाडीने बारा दिले, तर गाडी राहील. नाही दिले, तर ती माझ्या मेहुण्याला, साईराजला जाईल आणि दारात डबा येईल. आई म्हणाली, ऱ्हाऊ दे की गं जीप, तेचा जीव हाय त्यात. आईच्या लेखी प्रत्येक मोठी गाडी जीप असते. पण मुद्दा बरोबर आहे.

बारा सहज आहे. प्रश्न गाडीचा नसून शिस्तीचा आहे. उद्यापासून सुरुवात.

११ नोव्हेंबर

काल सुरुवात झाली नाही. गाडी धुतली. स्वच्छ पत्र्याला वारा कमी अडतो.

पाटबंधारे खात्यातून रिटायर झाल्यापासून मला कुणी साहेब म्हणत नाही. गाडीत बसलो की म्हणतात. पंपावरचा माणूस लांबूनच हात करतो, या साहेब. उसाचे ट्रॅक्टर बाजूला होतात. हे संयोगिताला सांगण्यासारखं नाही. तिला शाळेत दिवसभर मॅडम म्हणतात, तिला काय कळणार.

१४ नोव्हेंबर

मोजणी सुरू. टाकी गळ्यापर्यंत भरली. पंपावरचा माणूस थांबला होता, पण मी गाडी धरून हलवली, आतली हवा काढली, पुन्हा ओतायला लावलं. शास्त्र म्हणजे शास्त्र.

१७ नोव्हेंबर

चौदा!

मिरजेला दोनदा जाऊन आलो आणि टाकी भरली. नळी पहिल्यांदा टक् वाजल्याबरोबर थांबवायला सांगितलं. गर्दी होती, मागच्यांचा विचार करावा लागतो. हिशेब केला. चौदा. बाराचं लक्ष्य मुळात फार खाली धरलं गेलं असं वाटतं.

संयोगिताला सांगितलं. ती म्हणाली, उद्या रविवार नाही, पण मी हाफ डे घेते, पंपावर येते.

१८ नोव्हेंबर

आठ.

संयोगिताने नळी थांबल्यावर मला गाडी हलवायला लावलं. पंपावरच्या माणसाला सांगितलं, पहिल्या वेळी गळ्यापर्यंत भरलं तसंच भरा. डिझेल आत जातच राहिलं. मला वाटतं आजचं डिझेल पातळ होतं. पातळ डिझेल जास्त मावतं.

२३ नोव्हेंबर

टायरमध्ये हवा वाढवली. कडक टायर, कमी घर्षण. गाडी आता चेंडूसारखी जाते.

आईला घेऊन बुधगावला गेलो. परत आल्यावर ती बराच वेळ पायरीवर बसून राहिली. म्हणाली, आरं ह्यापरीस बैलगाडी बरी, बैल तरी खड्डा बघून चालतोय. मी तिला घर्षण समजावलं. ती म्हणाली, घर्षान कंबरंचं झालंय.

२८ नोव्हेंबर

मोठा शोध. ब्रेक हाच शत्रू. गाडीला वेग द्यायला डिझेल लागतं आणि ब्रेक लावला की ते सगळं वाया जातं. म्हणजे जो ब्रेक लावत नाही, तो वाचवतो. एवढी साधी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही.

नियम ठरवले. एक, ब्रेक नाही. दोन, काचा कायम बंद, कारण उघड्या काचेतून वारा आत येऊन गाडी मागे ओढतो. तीन, ए.सी. नाही.

तासगावच्या स्टँडवर आई मावशीकडून येऊन उभी होती. मी वेग अगदी कमी केला आणि दार उघडून सांगितलं, चढ. ती थोडी बाजूबाजूने पळाली. म्हणाली, आरं थांब की रं मुडद्या, मी काय कंडक्टर हाय व्हय? शेवटी थांबावं लागलं. एका ब्रेकने सकाळची सगळी मेहनत गेली. आईला वयोमानामुळे नियम समजत नाहीत.

४ डिसेंबर

आज संयोगिताला स्वतः शाळेत सोडलं. तिला बरं वाटावं हा हेतू होता. शिवाय प्रयोग.

मोठ्या वाहनाच्या मागे चिकटून चाललं की पुढचं वाहन वारा कापतं आणि आपलं डिझेल वाचतं. मी मोबाईलवर पाहिलं आहे. परदेशात ट्रकमागे जातात. आपल्याकडे हंगाम सुरू आहे. माधवनगरच्या फाट्यावरच उसाचा ट्रॅक्टर मिळाला, दोन ट्रॉल्या, वरपर्यंत भरलेला. मागे लागलो.

वारा खरंच कापला जात होता. फक्त ट्रॅक्टरला वेग नव्हता, त्यामुळे कापण्याइतका वारा नव्हता. दुसऱ्या गिअरच्या वर जाता आलं नाही. ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठ्याने चालू होती की संयोगिताचं बोलणं नीट ऐकू आलं नाही. हातवाऱ्यांवरून शाळेबद्दल असावं. कवलापूरपुढे ट्रॅक्टरवाल्याने गाणं बंद केलं, वळून ओरडला, सायेब, रस्ता मोकळा हाय की, जावा फुडं, वरातीत चाललाय काय?

सायेब म्हणाला. नोंद घेतली.

दोनचार ऊस बॉनेटवर पडले. तिची प्रार्थना चुकली. उतरताना म्हणाली, उद्यापासून माझी एस.टी. बरी, ती ट्रॅक्टरला ओव्हरटेक करते. संध्याकाळी मात्र ऊस तिनेच सोलून खाल्ला.

१० डिसेंबर

अजून आठच. थोडं वर. जवळजवळ साडेआठ.

खरा दोष सापडला. वजन. गाडीत गेल्या कित्येक वर्षांचं नको ते सामान. पुढचं लोखंडी गार्ड काढलं. टपावरचा कॅरिअर काढला. जॅक, पाने, दोरखंड, सतरंजी, आईने कधीतरी ठेवलेली ज्वारीची पिशवी. शेवटी सगळ्यात मागचा अख्खा बाक काढला. बाक फेकवेना, म्हणून हॉलमध्ये खिडकीपाशी ठेवला. लोखंडी पायांसकट छान बसला. बांधायचे पट्टेही आहेत.

रात्री जेवताना सगळ्यांना तत्त्व समजावलं. म्हणालो, आजपासून ह्या गाडीत गरज नसलेलं एक किलोसुद्धा वजन चढणार नाही, मग ते कुणाचंही असो. संयोगिताने मान डोलावली. पहिल्यांदाच तिला माझं काही पटलं.

१५ डिसेंबर

वजन कमी केलं, पण किती? अंदाजावर मी विश्वास ठेवत नाही. कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलो. काट्यावर चांदसाहेब असतो. आम्ही एका बाकावर शिकलो.

पुढे उसाच्या गाड्यांची रांग होती. रांगेतून बाहेर पडणं शक्य नव्हतं, मागेही गाड्या लागल्या. पुढची गाडी हलली की आपण हलायचं, म्हणून इंजिन बंद करता येईना. दुपार गेली. किती डिझेल गेलं ते मी धरणार नाही. तो प्रवास नव्हता, संशोधन होतं.

नंबर आला. चांदसाहेबने आधी माझ्यासकट वजन केलं. मग म्हणाला, गड्या, आता रिकामी बघू, उतर खाली. काट्यावर सगळ्यांचं असंच करतात. भरलेली गाडी, मग रिकामी, आणि मधला फरक तो माल. मी उतरलो. चांदसाहेबने आकडा बघितला, चष्मा काढला, पुसला, परत बघितला. म्हणाला, जया, लय माल उतरला की रं. जमा करून घिऊ काय उसात?

मागचे ड्रायव्हर हसले. अशिक्षित लोक.

१६ डिसेंबर

उद्यापासून सकाळी चालणे. भात बंद. संध्याकाळचा भडंगचा बकाणा बंद.

१७ डिसेंबर

थंडी फार. चाललो असतो तर आजारी पडलो असतो आणि मग डॉक्टरकडे गाडीनेच जावं लागलं असतं.

२१ डिसेंबर

चांदसाहेब त्याच्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला. त्याला हॉलमधल्या बाकावर बसवलं. त्याने पट्टा लावून बघितला, म्हणाला, वहिनी, गाडी कवा सुटणार?

मग चहा घेता घेता त्याने काट्याची गोष्ट सांगितली. सगळी. वर म्हणाला, एका पारड्यात आई आन वहिनी, दुसऱ्यात ह्यो, तरी ह्येचंच पारडं भुईला. आई हसून हसून खोकली. संयोगिता हसली नाही. ती गाडीकडे बघत होती. तिला विचार करताना पाहिलं की मला बरं वाटत नाही.

२९ डिसेंबर

नऊ. आता इथून पुढे झपाट्याने वाढेल.

साईराजचा फोन आला. विचारत होता, दाजी, सीट कव्हर कुठल्या रंगाची आहेत? मी फोन ठेवला.

२ जानेवारी

उद्या पौर्णिमा.

संयोगिताने आज विचारलं, गाडीत गरज नसलेलं वजन चढवायचं नाही हा नियम नक्की ना? मी म्हणालो, नक्की. ती म्हणाली, दर्शन कुणाला घ्यायचंय? मी म्हणालो, आईला. ती म्हणाली, गाडी चालवता येणारं माणूस एकच पुरे ना? मी म्हणालो, एकच. ती म्हणाली, मला येते. लायसन्स काढून वर्ष झालं. आई आणि मी गाडीने जातो. तुम्ही एस.टी.ने या.

आईने मध्ये पडायला हवं होतं. ती म्हणाली, हेच्यात काय खोटं हाय? तुझंच शास्तर हाय की.

थोडा विचार केल्यावर लक्षात आलं की कल्पना मुळात माझीच आहे. संयोगिता फक्त ती अमलात आणते आहे. परवानगी दिली.

३ जानेवारी, रात्री

पहाटे टाकी गळ्यापर्यंत भरून दिली. गाडी मीच हलवली. आईची पूजा आटोपली की त्या निघणार होत्या. मी सांगली स्टँडवर गेलो.

यात्रेची गर्दी. विट्यापर्यंत उभं. कंडक्टर म्हणाला, ओ काका, दारातनं आत सरका की, एवढी जागा अडवलीय. मी इकडेतिकडे पाहिलं. दुसरे काका नव्हते.

पुसेसावळीच्या अलीकडे बस थांबली होती, तेव्हा शेजारून गाडी गेली. आपली गाडी बाहेरून किती भारदस्त दिसते, ते मी आज पहिल्यांदा पाहिलं. आईने मला ओळखलं. काच खाली करून हात हलवू लागली. मी बसमधून ओरडलो, आई, काच! काच लाव! अख्खी बस माझ्याकडे बघू लागली. आई आणखी जोरात हात हलवत राहिली.

डोंगर चढून वर पोचलो तेव्हा त्यांचं दर्शन झालं होतं. आईने नारळाचा तुकडा माझ्यासाठी पदरात बांधून ठेवला होता. म्हणाली, लय झ्याक चालवती रं, पोटातलं पाणी हाललं न्हाई. ब्रेकबी लावती.

परत निघताना आई म्हणाली, बस की रं आता, जागा हाय, दमलायस. संयोगितानेही दार उघडलं. म्हणाली, बसा, राहू दे.

नको म्हणालो. निकाल बिघडला असता.

४ जानेवारी

बारा पॉइंट सहा.

टाकी गळ्यापर्यंत. मी स्वतः हलवली. दोनदा.

गाडी राहिली. मी साईराजला फोन केला आणि कव्हरांचा रंग सांगितला. करडा. म्हणालो, आता तुला नुसता ऐकायला.

१२ जानेवारी

संयोगिता आता रोज गाडीने शाळेत जाते. बारा देणारी गाडी दारात उभी ठेवणं हा डिझेलचा अपमान आहे, असं तिने सिद्ध केलं. राजेश्वरी बाईंनाही ती वाटेत घेते. मी विचारलं, मलाही तासगावात काम आहे, येऊ का? ती म्हणाली, मग आकडा उतरेल, आणि ठरलं होतं की आकडा उतरला तर साईराज. पैज माझी. जिंकलोही मीच.

पंपावरचा माणूस तिला या मॅडम म्हणतो. त्याने विचारलं म्हणे, साहेब दिसत नाहीत? तिने सांगितलं, काढून हॉलमध्ये ठेवलेत.

बाक चांगला आहे. खिडकीतून फाटक दिसतं. ती गाडी मागे घेताना रोज अंगणात उभा राहून मी हात करतो, येऊ दे, येऊ दे. आज थंडी होती म्हणून इथूनच केला. पट्टा लावला होता. आई म्हणाली, आरं पट्टा कशाला? सवय म्हणालो.

डाव्या बाजूला तुळशीची कुंडी होती. मी ओरडलो, सावकाश, डावीकडे बघ. तिला ऐकू गेलं नाही. काच बंद होती.

कुंडीला धक्का न लावता ती बाहेर पडली. उद्यापासून चालणे.