उबेकडे सरकणारी छिद्रं

भुईगाव, ३ डिसेंबर १९७९
घर फक्कड मिळालं! दोन खोल्या, लाल मातीच्या लाद्या, मागे केळी. घरमालकीण रोझलिनबाईंनी आल्या आल्या पाव नि केळ्यांची फणी पाठवली. अहवाल लिहायला प्रयोगशाळेनं महिनाभर घरी बसायची मुभा दिलीय. अणुभट्टीतून निघालेल्या सिरॅमिक इंधनाच्या गोळ्यांचे मोठे केलेले फोटो तपासायचे. कोऱ्या गोळीत बारीक छिद्रं सगळीकडे विखुरलेली असतात. भट्टीत ती उष्णतेकडे, म्हणजे गोळीच्या मध्याकडे सरकतात आणि अखेर तिथं आरपार पोकळी होते. घट्ट गोळीत छिद्रं चालतात हे बायकोला, प्रमोदिनीला, पटत नाही. माझ्याच डोक्याला भोक पडलंय म्हणते. नाताळ झाला की सहा महिन्यांच्या मालनला घेऊन येईल.

७ डिसेंबर
फोटो जमिनीवर पसरून बसतो. लाद्यांतही टाचणीएवढी छिद्रं आहेत. गंमत म्हणून काहींभोवती पेन्सिलीनं गोल काढले.

९ डिसेंबर
छिद्रं गोलांबाहेर आलीत. माझं मोजमाप चुकत नाही. सगळी माझ्या गादीकडे वीतभर सरकलीत. गादी समोरच्या भिंतीशी नेली.

१० डिसेंबर
तिकडे वळली.

१२ डिसेंबर
रोझलिनबाईंचं मांजर दुपारी गादीशेजारी लादीवर झोपलं होतं. चहा करून आलो तर मांजर नाही. तिथं ताटलीएवढी पोकळी. काठी घातली, तळ लागला नाही. बाई परसात हाका मारत होत्या. मला सांगवलं नाही. भीती वाटते.

१३ डिसेंबर
प्रमोदिनीला येऊ नको अशी तार करायला निघालो होतो. मग सुचलं. ओसरीत कोळशाची शेगडी पेटती ठेवली. संध्याकाळपर्यंत सगळी छिद्रं तिकडे. तारेची गरज नाही. शेगडी विझू द्यायची नाही, एवढंच.

२७ डिसेंबर
दोघी आल्या. मालनला काल लस टोचलीय, अंग तापलंय. खाली गोधडीवर निजवलं. शेगडी धगधगतेय.

२८ डिसेंबर, दुपार
औषध घेऊन आलो. शेगडी विझलेली. धुरानं मालन खोकत होती म्हणून प्रमोदिनीनं पाणी ओतलं म्हणे. ओसरीत एकही छिद्र नाही—

मालनला उचललं तोच गोधडी आत गेली. दारापर्यंतच्या लाद्या ढासळल्या. मी कोपऱ्यात. उंबऱ्यात प्रमोदिनी. मालनला फेकलं. तिनं झेललं.

ती विहिरीवरचा दोर आणायला धावलीय. घरात आता गरम मी एकटाच. वही बाहेर टाकतो. प्रमोदिनी, परत आत येऊ नकोस. मालनचा ताप उतरेपर्यंत तिला कुठल्याच जमिनीवर—