दोघांची हजेरी

अब्बा, मला एका बाईला एक खरी गोष्ट सांगायची आहे. वर्ष होत आलं, ती रोज माझ्यासमोरच्या टेबलावर बसते आणि रोज मी ती गोष्ट न सांगता घरी जातो. तिचा नवरा आपल्या रेंजमध्ये वनरक्षक होता. मागच्या पावसाळ्यात गेला, आणि त्याच्या जाण्यात माझा हात आहे. हे ऑफिसात कोणाला माहीत नाही. अम्मीला सांगितलं तर ती जेवण सोडेल, बायकोला सांगितलं तर ती माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागेल, आणि ते मला सहन होणार नाही. उरलात तुम्ही. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, तेव्हा फार तर रागवाल. एटापल्लीकडच्या त्याच वनखात्याच्या ऑफिसात, तुम्ही बसायचात त्याच खिडकीखालच्या वायरलेसच्या टेबलावर बसून लिहितो आहे. तुम्ही घरात हिंदी बोलायचात आणि सेटवर मराठी. सेटवरची भाषा खोटं बोलायची नसते, असं तुम्हीच म्हणायचात, म्हणून मराठीत लिहितो.

एक रविवार आठवतो का बघा. तुम्ही सुट्टीवर बल्लारपूरला आला होतात. सकाळी कागदाच्या मिलचा वास घरभर पसरलेला, अम्मी स्वयंपाकघरात खिम्यासाठी कांदा चिरत होती, आणि मी टीव्हीसमोर फतकल मारून बसलो होतो. हिंदीत डब केलेली ती विलायती मालिका लागायची, ताऱ्यांमधून फिरणाऱ्या जहाजाची. त्या दिवशीच्या भागात जहाजावरचे दोन अधिकारी एका उजाड ग्रहावर अडकतात. एक वयाने मोठा, त्याचा पाय मोडलेला. दुसरा त्याला दगडांच्या आडोशाला ओढत नेतो. त्यांच्या सेटवर जहाजाचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं, पण यांचा आवाज काही तिकडे जात नाही. जहाज निघायची वेळ होते. कप्तान एकेकाची हजेरी घेतो. या दोघांची नावं येतात तेव्हा त्यांचा एक दोस्त, हे उशिरा आले म्हणून त्यांना बोलणी बसू नयेत या भल्या हेतूने, सांगून टाकतो की दोघं आत आलेत, ठीक आहेत. आणि जहाज निघून जातं. ते दोघं खाली बसून हे सगळं ऐकत असतात. मी रडायला लागलो होतो. तुम्ही मात्र खुर्चीतून उठलात आणि टीव्हीवर ओरडलात, "अबे, आवाज नहीं जा रही तो बटन तो दबाओ! सुननेवाले को समझता है!" अम्मी कांद्याची सुरी हातात घेऊन बाहेर आली, तिला वाटलं भांडण झालं.

तो भाग तिथेच संपला, पुढचा पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी लाइट नव्हती. तुमची सुट्टी संपली नव्हती, म्हणून मी तुम्हालाच विचारलं, अब्बा, ते जहाज परत आलं असेल का? दुसऱ्या कोणत्याही बापाने हो म्हटलं असतं. तुम्ही विडी विझवली आणि म्हणालात, "किसलिए आएगा? उनके हिसाब से तो सब ठीक है." अम्मी तुमच्यावर केवढी चिडली होती. लेकराला असं सांगतात का, म्हणाली. मग तुम्हाला वाईट वाटलं असावं, कारण पुढच्या खेपेला तुम्ही माझ्यासाठी बाद झालेल्या सेटचं रिकामं खोकं घेऊन आलात. बटन शाबूत होतं. माणसाचा माइक गेला, घसा गेला, तरी बटन दाबलं की ऐकणाऱ्याकडे खस्स होतं, हे तुम्ही मला ओट्यावर बसून शिकवलंत. दोनदा दाबून थांबायचं, पुन्हा दोनदा. मी आठवडाभर तेच खेळत होतो.

खेळणं मला कळलं, तुमचं म्हणणं नाही कळलं. त्याच वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुमच्या क्वार्टरवर राहायला आलो होतो. आपल्याकडे सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला सगळ्या चौक्यांची हजेरी. एकेक चौकी बोलते, आपण रजिस्टरमध्ये ठीक लिहितो. आणि एखादी चौकी गप्प राहिली की शेजारची चौकी तिच्या वतीने बोलते, "त्यायचंही ठीकच आहे जी, लिहून टाका." तेव्हाही बोलायची, आजही बोलते. एक दिवस पाचच्या हजेरीच्या वेळी तुम्ही असरच्या नमाजला गेलात आणि मला कान ठेवायला सांगून गेलात. एक चौकी गप्प होती. शेजारच्याने ठीक सांगितलं, मी सुंदर अक्षरात ठीक लिहिलं. परत येऊन तुम्ही विचारलंत, त्याचा आवाज तू तुझ्या कानाने ऐकलास? मी म्हणालो, शेजारच्याने सांगितलं ना. तुम्ही मारलं नाही. ठीकवर रेघ मारलीत, सायकल काढलीत आणि मे महिन्याच्या उन्हात त्या चौकीवर गेलात. तो गार्ड नाल्यावर कपडे धूत होता. आठवडाभर सगळी रेंज तुमच्यावर हसत होती, सेटवरसुद्धा. मला तुमची लाज वाटली होती, अब्बा. एवढा ताठ माणूस काय कामाचा, असं वाटलं होतं.

म्हणून तुमच्यानंतर अनुकंपावर ही खुर्ची मला मिळाली तेव्हा मी ठरवलं की आपण असं वागायचं नाही. जंगलात एकटी राहणारी माणसं, कोणी आंघोळीला जातो, कोणाचा डोळा लागतो, थोडं सांभाळून घ्यावं. मी लगेच सगळ्यांचा लाडका झालो. कोणी मोहाची फुलं पाठवायचा, कोणी चारोळी. तुम्हाला कोणी कधी चारोळी पाठवली नाही, हे मी अम्मीला हसत हसत सांगायचो. एवढी वर्षं काही झालंही नाही. त्यामुळे मी शहाणा आणि तुम्ही हट्टी, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

मागच्या पावसाळ्यातला तो मंगळवार. चार दिवस झड लागलेली. हा वनरक्षक आणि त्याच्यासोबतचे एक वनमजूर, वयाने त्याच्याहून मोठे माडिया गृहस्थ, सकाळी गस्तीला नाल्यापलीकडे गेले होते. पाच वाजता मी त्यांची चौकी पुकारली. आवाज नाही. पुन्हा पुकारली. तेव्हा ऐकू आलं. खस्स, खस्स. मग थांबून पुन्हा दोनदा. मी ते ऐकलं, अब्बा. ओळखलंसुद्धा, अगदी अर्धा क्षण. मग स्वतःलाच म्हणालो, विजा होताहेत, सेटमध्ये पाणी गेलं असेल. शेजारच्या चौकीवरचा बोलला, "असतील जी चौकीवरच, येवढ्या पान्यात कुठी जातील? लिहा ठीक." आणि मी बटन दाबून सगळ्या रेंजला ऐकू जाईल असं म्हणालो, "दोघंही ठीक. ओव्हर." बायकोने भजी करायला घेतली होती. मला घरी जायचं होतं. याहून मोठं कारण मी वर्षभर शोधतो आहे, सापडत नाही.

बुधवारी सकाळी चौकी पुन्हा गप्प, आता खस्सही नव्हतं; पाऊस आहे, संध्याकाळपर्यंत बघू म्हणून मी रकाना कोरा ठेवला. बुधवारी संध्याकाळी शेजारचा गार्ड त्यांच्या चौकीवर जाऊन आला तेव्हा चौकीला कुलूप होतं. रेंजर साहेबांनी रजिस्टर बघितलं. मंगळवारी पाच वाजता चौकीवर ठीक, म्हणजे जे झालं ते त्यानंतर चौकीजवळच झालं, वाहून गेले असणार. म्हणून गुरुवारी उजाडताच सगळी माणसं नाल्याच्या खालच्या अंगाला शोधत गेली. आणि मला बसल्या जागी कळत होतं की ते तिथे नाहीत. चौकी खोलात आहे, तिथून छपरावरच्या मोठ्या अँटेनाशिवाय आवाज येत नाही. हातातल्या सेटचं बटन माझ्यापर्यंत पोहोचलं म्हणजे ते उंचावर होते, नाल्यापलीकडच्या टेकडीवर. हे बुधवारीच सांगायला हवं होतं. मी गुरुवारी दुपारी सांगितलं, तेही असं की साहेब, मंगळवारी थोडी खरखर आल्यासारखी वाटली होती, टेकडीवर बघायचं का? साहेब भले माणूस. चांगलं सुचलं म्हणाले. शुक्रवारी सकाळी माणसं टेकडीवर पोहोचली. वनरक्षक गुरुवारी पहाटे गेला होता. घसरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं, आत रक्त गेलं. वनमजूर जिवंत होते; नाल्याला पूर, आणि त्याला एकटं सोडवेना, म्हणून त्याच्याजवळच बसून राहिले होते.

त्यांना भेटायला मी गडचिरोलीच्या दवाखान्यात गेलो. ते पलंगावर उकिडवे बसले होते. मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "तुमचा आवाज साफ आयकू येत होता जी भाऊ. सेट भिजला, बोलनं जाऊन नाई राह्यलं होतं. पन गार्डसायेबानं बटन दाबलं. म्हने, तो आपरेटर समजते, त्याचा बाप पक्का होता." मी विचारलं, मग? "मंग तुम्ही ठीक म्हनले. सायेब जरासे हासले. आता कोनी येत नाई म्हने, आन सेट बंद करून टाकला." मी त्यांच्या पायाशी बसलो. त्यांनी मला पाणी दिलं. मी विचारलं, हे आणखी कोणाला सांगितलंत का? ते म्हणाले, "काऊन सांगू? सांगून तो येते का?" ते अजून कोणाला बोललेले नाहीत, आणि मला त्यांच्या गप्प बसण्याचा आधार वाटतो, ही माझी आजची लायकी. चौकशी झाली. पावसामुळे संपर्क तुटला, असं कागदावर आहे. मी सुचवलं म्हणून एक तरी वाचला, अशी माझी तारीफ झाली. त्या कागदावर मी सही केली आहे.

अब्बा, मला झोप नाही, भूक नाही, आणि तरी मी रोज आठला आणि पाचला इथे बसून माणसांना ठीक आहात का विचारतो. आता गप्प चौकीपुढे मी ठीक लिहीत नाही, माणूस पाठवतो, आणि रेंज तुमच्यावर हसायची तशी आता माझ्यावर हसते. पण त्याने माझं काय सुटतं? टेकडीवरून तो माझा आवाज ऐकत होता. ज्या आवाजावर माणूस आशा सोडतो, तो आवाज घेऊन मी कसं जगायचं, हे तुम्हाला तरी माहीत असतं का?

आणि ती समोर बसते. तिची अनुकंपाची फाइल वर गेली आहे, तोवर साहेबांनी तिला रोजंदारीवर ऑफिसात घेतलं. ती मला भाऊ म्हणते. चौक्यांची नावं, सेट कसा धरायचा, सगळं तिला मीच शिकवतो आहे. अनेकदा तोंड उघडलं आहे. एकदा तर म्हणालोही, बाई, मला तुम्हाला त्या मंगळवारचं काही सांगायचं आहे. ती लगेच म्हणाली, "नका सांगू जी भाऊ, तुमाले किती तरास होते मले दिसते." आणि मी थांबलो. तिने माझ्यावर दया केली आणि मी ती घेतली.

आज सांगणारच होतो. म्हणून हे सगळं आधी तुम्हाला लिहून काढलं, म्हणजे शब्द तयार राहतील. हे पत्र टेबलाच्या खणातच राहील, तुमच्या कबरीवर जाऊन वाचायचीही माझी हिंमत नाही. पण एक गोष्ट वर लिहायची टाळली. त्या गुरुवारी सकाळी, माणसं नाल्याकडे शोधायला गेल्यावर, ती गावाहून आली आणि ऑफिसच्या बाकावर बसली. तेव्हा तो गेलेला होता, आम्हाला माहीत नव्हतं. तिने विचारलं, "मंगळवारी त्यायचा आवाज आला होता म्हनतेत. काय बोलले जी?" आवाज आलाच नव्हता. मी म्हणालो, ठीक आहे म्हणाले. ती बघतच राहिली, तेवढ्याने तिचं भागेना. मग मी म्हणालो, जेवण झालं म्हणाले, अंबाडीची भाजी होती म्हणाले. माझ्या घरी आदल्या दिवशी ती झाली होती, तोंडाला तेच आलं. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "त्यायले लय आवडते." खरं तर त्या दोघांनी मंगळवारी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. यंदाची अंबाडी बाजारात आली आहे. आज दुपारी तिने डबा उघडला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "खा जी भाऊ, त्यायचं शेवटचं जेवन तुमालेच तर ठाऊक." मी खाल्ली. भाजी चांगली झाली होती, अब्बा. मी अजून थोडी मागून घेतली.