शुक्रवार पेठेतला बॅरिस्टर

अण्णा, तुम्ही तो नियम शेवटपर्यंत वाचलाच नव्हतात. तुम्हाला जाऊन साठेक वर्षं झाली आणि ही गोष्ट मला गेल्या रविवारी कळली. तेव्हापासून मी घरात कुणाशी धड बोललेलो नाही. सून दोनदा विचारून गेली, बाबा, बरं वाटत नाहीये का. तिला काय सांगू, की मला एका माणसाशी कडाकडा भांडायचंय आणि तो भिंतीवरच्या फोटोत टोपी घालून बसलाय.

आम्ही आता खराडीला राहतो, अकराव्या मजल्यावर. तुमच्या वेळी इथे शेतं होती. माझी नात कायदा शिकते. तिला कॉलेजात काहीतरी लिहून द्यायचं होतं, व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात बॅरिस्टर व्हायला काय काय लागायचं, यावर. मी चहा पीत बसलो होतो. म्हटलं, लिही. चांगल्या घरचा आहे म्हणून दोन बॅरिस्टरांच्या सह्यांचा दाखला. इंग्लिश, लॅटिन आणि इंग्लंडचा इतिहास, यांची परीक्षा. मग बारा टर्म जेवणं. पोरगी फोन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आबा, तुला हे कसं माहितीये?" मी म्हटलं, मला हे बाराखडीच्या बरोबरीनं शिकवलंय. मग तिनं कुठूनसं त्या काळचं पुस्तक फोनवर उघडलं आणि ताडून पाहायला लागली. आधी म्हणाली की युनिव्हर्सिटीची परीक्षा झालेल्यांना ती लॅटिनची एंट्रन्स नव्हतीच. यावर मी हसलो. खरंच हसलो, अण्णा. मग मी तिला सांगितलं, वकिलाच्या कारकुनाला मात्र तिथे कायमची बंदी. ती वाचत म्हणाली, "नाही रे, कायमची कुठे? काम चालू असेपर्यंतच. जॉब सोडला की अप्लाय करता येतं. हे बघ ना, त्याच रूलमध्ये आहे." मी चष्मा लावला. होतं. यादी संपते तिथे, लगेच पुढे.

आपल्या घरी होतं ते हेच पुस्तक, साहेबांच्या आजोबांचं. साहेब म्हणजे शिवाजीनगर कोर्टातले ते मोठे वकील, ज्यांची कारकुनी करण्यात तुमचा जन्म गेला. त्यांनी माळा साफ करायला काढला तेव्हा तुम्ही ते मागून घेतलंत. राणी मरून अर्धं शतक उलटलं होतं, इंग्रज आपल्या डोळ्यांदेखत बोटीत बसून गेले होते, पण तुमच्या लेखी त्यातला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कोर्टाची दप्तरं बांधतात तसल्या लाल फडक्यात तुम्ही ते बांधून ठेवायचात. आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती. संध्याकाळी हातपाय धुऊन ते सोडायचं, पोथी सांगावी तसं वाचून आम्हाला अर्थ सांगायचा आणि पुन्हा बांधायचं. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आई भाकऱ्या थापता थापता ऐकायची आणि मधेच म्हणायची, लंडनात थंडी फार असते म्हणतात. तेवढाच तिचा आक्षेप.

त्यात लिहिलं होतं की तिथे टर्म भरते ती जेवून. मोठ्या दालनात सगळ्यांबरोबर बसायचं, आधीच्या प्रार्थनेला हजर राहायचं आणि शेवटची प्रार्थना झाल्याशिवाय उठायचं नाही. मधे उठलं तर ते जेवण हिशेबात धरत नाहीत. दुसरा कुणी असता तर वाचून हसला असता. तुम्ही जुन्या बाजारात गेलात आणि माझ्या वाढदिवसाला काटा आणि सुरी घेऊन आलात. काट्याचा एक दात वाकडा होता. बाकीच्या पोरांना वाढदिवसाला विटी-दांडू मिळत नव्हता हे खरं, पण त्यांना काटाही मिळत नव्हता.

मी साहेबांच्या ऑफिसातून टाकून दिलेल्या टेबलाशी बसलोय. तुम्ही खाली पाटावर. तुम्ही हातानं आमटी-भात ओरपताय आणि नजर माझ्यावर. ताटात गवारीची भाजी आहे आणि एक शेंग काट्याला लागेल तर शपथ. डाव्या हातात काटा धर, तुम्ही म्हणता. आईचा जीव वरखाली होतो. "अहो, डाव्या हातानं घास?" तुम्ही मान वर न करता सांगता, "लंडनात तोच उजवा." शेवटी मी उपाशीच उठायला बघतो आणि तुम्ही हात दाखवून मला बसवता. आईचं जेवण व्हायचंय. दालनातला शेवटचा माणूस जेवल्याखेरीज प्रार्थना नाही, प्रार्थनेखेरीज सुटका नाही. आपल्या दोन खोल्यांच्या दालनात शेवटचा माणूस म्हणजे आई. ती आमची ताटं काढणार, ओटा पुसणार, मग स्वतःचं वाढून घेणार. तोवर मी खुर्चीवर. तिचं झालं की मी 'अन्नदाता सुखी भव' म्हणायचं आणि तुम्ही मान हलवायची, म्हणजे एक जेवण भरलं. अन्नदाता कोण हे कुणी विचारत नव्हतं. ती उष्टी गोळा करत असायची.

गल्लीत मला बॅरिस्टर म्हणायला लागले. पोरं म्हणायची ते ठीक होतं. पण मंडईत आई भाजी घ्यायला उभी राहिली की भाजीवाली म्हणायची, "या, बॅरिस्टरच्या आई. गवार ताजी हाय, पर काट्यात घावायची नाय." आई हसून पैसे द्यायची. घरी येऊन तिनं तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. मी सांगतोय.

लॅटिनसाठी तुम्ही मला कँपात एका रिटायर्ड मास्तरांकडे धाडलंत. उन्हातून सायकल मारत मी तिथे जायचो आणि मेलेल्या लोकांची क्रियापदं पाठ करायचो. सह्यांसाठी दोन बॅरिस्टर तुम्ही आतापासूनच धरून ठेवले होते. दर आंब्याच्या दिवसांत आपण त्यांच्याकडे पेटी घेऊन जायचो. एकानं तर आपल्याला व्हरांड्याच्या पुढे कधी घेतलंच नाही. बसायला वेताचा मोडा मोकळा होता आणि तुम्ही उभे होतात, काखेत टोपी धरून. त्यानं विचारलं, तुमचे वडील काय करायचे. तुम्ही उत्तर दिलंत आणि तो म्हणाला, असं का. मला तेव्हा चौदावं चालू होतं. त्या 'असं का'चा अर्थ मला कळला. तुम्हाला कळला नाही असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

आणि मला बॅरिस्टर व्हायचंच नव्हतं. हे तुम्ही कधी विचारलंत का? मला साधा वकील व्हायचं होतं. सुट्टीत तुमचा डबा द्यायला कोर्टात यायचो तेव्हा मी मागच्या बाकावर बसून साहेबांना बघायचो. उलटतपासणीला ते आवाज चढवायचे नाहीत. साक्षीदाराला आपल्या घरी चहाला बोलावल्यासारखं विचारत विचारत ते त्याला कोपऱ्यात आणायचे. घरी येऊन मी पाण्याच्या पिंपाची उलटतपासणी घ्यायचो. आई विचारायची, कबूल झालं का रे?

मॅट्रिकचा निकाल लागला त्या आठवड्यात साहेबांनी आपल्या दोघांना बोलावलं. तो दिवस मला आजही लख्ख दिसतो. साहेब खुर्चीत, तुम्ही टेबलाच्या कडेला, मी तुमच्या मागे. साहेब म्हणाले, "याला उद्यापासून इथे पाठवा. सकाळचं कॉलेज करेल, दिवसा माझ्याकडे बसेल, पुढे लॉ करेल. मी तयार करतो याला." माझ्या छातीत जे झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आयुष्यात मला हवं ते दुसऱ्या कुणी आपणहून हातात ठेवलं असं तेव्हा एकदाच झालं. आणि तुम्ही हात जोडून म्हणालात, "नको साहेब. त्याला कारकुनी लावायची नाही."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बरं," ते म्हणाले. "मग थेट बोटीतच बसवणार तर." ऑफिसातले सगळे हसले. तुम्हीसुद्धा हसलात. नकाराबद्दल मी तुम्हाला एखाद वेळेस माफ करीन, त्या हसण्याबद्दल नाही.

घरी येऊन मी रडलो, पाया पडलो, दोन दिवस टेबलाशी बसलो नाही. तुम्ही फडकं सोडलंत, पुस्तक उघडलंत, बोट ठेवलंत. म्हणालात, "इथे स्वच्छ लिहिलंय. वकिलाच्या कारकुनाला प्रवेश नाही. एकदा ते नाव लागलं की दार बंद. माझं झालं ते झालं, तुझं होऊ देणार नाही." मी म्हटलं, पण मला त्या दारातून जायचंच नाही. तुम्ही म्हणालात, "कळत नाही त्यात तोंड घालू नकोस." आणि पुस्तक बांधलंत. विषय संपला. तुमचे विषय असेच संपायचे.

पुढचं तुम्हाला थोडं माहीत आहे, थोडं नाही. वकिलांचा नवा कायदा आला आणि सगळे एकजात ॲडव्होकेट झाले. बॅरिस्टरीचं जे काही वेगळेपण होतं ते इथल्या इथेच पुसलं गेलं. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, पण मला काट्यानं जेवायला लावलंत. मग साहेब गेले. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना तुम्ही गेलात. घरात मिळवणारं कुणी नव्हतं, म्हणून मी पाटबंधारे खात्यात लागलो. कशाला, ओळखा. कारकून. खडकवासल्याच्या कालव्याच्या पाणीपट्टीची कागदपत्रं सांभाळली, मग जिथे जिथे धरण बांधतील तिथल्या वस्तीवर बदली. तुम्ही म्हणाल, नंतर लॉ का नाही केलंस. धरणावर लॉ कॉलेज नसतं, अण्णा. हेडक्लार्क म्हणून रिटायर झालो. निरोपाच्या समारंभात नारळ आणि शाल मिळाली आणि वरचा अधिकारी म्हणाला, यांच्या नोटिंगला वकिली धार होती. मी त्या शालीत तोंड पुसलं.

तुमच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं ते पुस्तक रद्दीत घातलं होतं. मी अडवलं नाही. तेव्हा उघडून पाहिलं असतं तर, असं गेले चार दिवस मनात येतंय. पण उघडावंसं वाटेल असं काही तुम्ही त्यात माझ्यासाठी ठेवलंच नव्हतं.

दावा अर्धा वाचून कैफियत लिहिणाऱ्या वकिलांना तुम्ही घरी येऊन नावं ठेवायचात. शेवटच्या ओळीत मेख असते म्हणायचात. मग हा एकच कागद तुम्ही अर्धा कसा वाचलात? मी चार दिवस हेच स्वतःला विचारतोय आणि आता मला वाटतं, मला कळलंय. कुणाकुणाला घ्यायचं नाही याची ती लांबलचक यादी तुम्ही बोट फिरवत वाचत असणार, आणि त्यात तुम्हाला तुमचा धंदा दिसला. वकिलाचा कारकून. इतक्या लांबच्या देशातल्या, कधी न पाहिलेल्या माणसांनी तुमचं नाव घेऊन तुम्हाला दाराबाहेर काढलं असं तुम्हाला वाटलं. पुढचं तुमच्याच्यानं वाचवेना. पुस्तक मिटलंत, आणि परत उघडायचात तेव्हा तेवढ्यावरच बोट ठेवायचात. व्हरांड्यातला तो 'असं का' तुम्हाला पुरता कळला होता.

हे कळलं म्हणून राग उतरेल असं समजू नका. रोज सकाळी तुम्ही साहेबांपुढे कागद ठेवायचात. एकदा, फक्त एकदा विचारायचं होतंत, साहेब, या नियमाचा अर्थ काय. त्यांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. पण विचारलं असतं तर त्यांना कळलं असतं की त्यांचा कारकून पोराला बॅरिस्टर करायला निघालाय, आणि ते हसले असते. त्या हसण्याला तुम्ही भ्यायलात. त्यांना तसंही कळलं होतंच, आणि ते हसलेच, अण्णा. तुमची लाज झाकायला माझं आयुष्य पांघरुणासारखं वापरलंत, आणि ते पुरलंही नाही.

आता एवढं लिहिलंय तर एक गोष्ट राहायला नको. ती जेवणं. तुमची नजर असेपर्यंत आई माझ्याकडे पाठ करून जेवायची, संकोचानं, भराभर. मग तुम्ही बाहेर ओट्यावर जाऊन बसायला लागलात आणि ती हळूहळू माझ्याकडे तोंड करून बसायला लागली. मी खुर्चीवर अडकलेला, ती खाली भाकरी मोडतेय. मग ती बोलायची. तिच्या माहेरच्या विहिरीबद्दल, शाळेतून काढलं त्या दिवसाबद्दल, तुमच्याबद्दलसुद्धा. तुम्ही आत आलात की गप्प. माझ्या लग्नानंतर कधीतरी ती माझ्या बायकोला म्हणाली, "माहेर सुटल्यापासून मी सोबतीनं जेवले ती याच्या बॅरिस्टरीपायीच."

तेव्हा कबूल करतो. मी अजूनही घरातल्या शेवटच्या बाईचं जेवण झाल्याशिवाय टेबलावरून उठत नाही. बायको होती तोवर तिच्यासाठी बसलो, आता सुनेसाठी बसतो. तिला वाटतं माझे गुडघे दुखतात. उद्या कुणी तुमचा पत्ता आणून दिला तरी हे पत्र मी टाकणार नाही, कारण एवढ्या एका गोष्टीसाठी तुम्ही ते शेवटपर्यंत वाचाल, आणि खूश व्हाल.