निळीच्या माठाचं सुतक

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मीच तुमच्यापेक्षा म्हातारी आहे. आज लिहायला बसले त्याला कारण माझा नातू, तुमचा पणतू. तो इथे देवासलाच एका कारखान्यात नोकरीला आहे आणि त्याचं काम काय, तर कारखान्यातून निघणारं घाण पाणी, गाळ, रिकामे डबे नियमाप्रमाणे जातात की नाही ते बघणं. एवढं शिकून शेवटी कचराच सांभाळतोस, म्हणून घरात सगळे त्याला चिडवतात. काल जेवताना तो त्याच्या आईला काहीतरी समजावत होता. मी भात कालवत होते, अर्धंमुर्धं ऐकत होते. तो म्हणाला, "देख आई, जो माल पुन्हा कामात लागतो ना, त्याला कचरा धरतच नाहीत. कायद्यातच तसं लिहिलंय." माझा हात ताटातच राहिला. मी त्याला ते परत म्हणायला लावलं, मग आणखी एकदा. त्याला वाटलं आजीला आता ऐकूही कमी येतंय.

मला अजून दिसतं, आपल्या रंगाऱ्याच्या घराच्या अंगणात तो निळीचा माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला आहे. वर लाकडी झाकण, झाकणावर जुनं गोणपाट. सकाळी तोंड धुवून झालं की तुम्ही आधी त्याच्याकडे जाता, झाकण उचलून नाक खाली नेता आणि विचारता, "काय, कसं काय?" मग मला सांगता, आज गूळ मागतोय, किंवा आज चुना जास्त झालाय, त्याला नुसता पडू दे. आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणते, माझी कधी एवढी विचारपूस झाली नाही. वर तांब्याच्या रंगाची साय धरलेली आणि खालचं पाणी पिवळट हिरवं. त्यात बुडवलेलं पागोटं हिरवं बाहेर यायचं आणि वाऱ्यावर धरलं की बघता बघता निळं व्हायचं. दरबारची पागोटी रंगवायला आपले लोक या मुलखात आले तेव्हा पणजोबांनी घातलेला तो माठ. तो कधी रिता करायचा नाही, कमी झालं की नीळ, चुना, गूळ आणि टाकळ्याचं बी घालून वाढवत राहायचं. आपण विरजण ठेवतो तसंच ते. मी अठरा-एकोणीस वर्षांची होते, लग्न लांबलं होतं, आणि कोपरापर्यंत निळी होते. मुलगी बघायला येणारे आधी माझ्या हातांकडेच बघायचे.

संस्थान गेलं, दरबारची पागोटी बंद झाली, तरी साड्या आणि लुगडी रंगायला येत होती. मग एक दिवस गल्लीत दवंडी पिटली. रंगारी, चांभार, साबणवाले, कोणीही धंद्याचं वापरलेलं पाणी नाल्यात सोडायचं नाही, घरात साठवून ठेवायचं नाही, वेशीबाहेर खणलेल्या खड्ड्यात नेऊन टाकायचं. तुम्हाला हुकूम पटला. पंचाईत झाली ती त्यामुळेच. आपण कपडे खळबळल्यावर जे तांबडं-काळं पाणी नाल्यात सोडायचो, ते खालच्या वस्तीच्या विहिरीत झिरपत होतं, आणि त्या बायका आईला दोनदा बोलून गेल्या होत्या. तुम्ही हातगाडी आणलीत, तिच्यावर पिंप बसवलंत आणि ते पाणी रोज खड्ड्यावर न्यायला लागलात. लोक हसायचे. तुम्ही म्हणायचात, खालच्या वस्तीतली पोरं ते पाणी पितात.

पण नगरपालिकेचा सफाई दरोगा पाहणीला आला आणि त्याने माठाचं झाकण उचललं. तरणाताठा माणूस, कुठून तरी नवाच बदलून आलेला, वासाने रुमाल नाकाला लावला, पण बोलण्यात मात्र अदब. "काका साहब, ये भी खाली करना पड़ेगा." तुम्ही त्याला सगळं सांगितलंत. पणजोबा, गूळ, साय, सगळं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "आपकी बात समझ रहा हूँ. पर हुकुम में लिखा है, रंगाई में इस्तेमाल किया हुआ पानी. ये इस्तेमाल किया हुआ है कि नहीं?" शेजारचे धान्यवाले भिंतीवरून बघत होते, ते हळूच म्हणाले, "अरे भिया, कई दो नी के यो तो नवो माल हे, आज ज घोळ्यो." माल नवा आहे, आजच घोळलाय, एवढं म्हटलं असतंत तर तो निघून गेला असता. त्यालाही तेच हवं होतं, तोंडावर दिसत होतं. तुम्ही म्हणालात, "इस्तेमाल का तो है. पर फेंकने का नहीं है." त्याने हात जोडले. असं पाणी कशात धरायचं ते त्याच्या कागदात नव्हतं. महिनाअखेर तो पुन्हा येणार होता, तोवर माठ रिता करतो असा तुम्ही त्याला शब्द दिलात.

मग तुम्ही तोड काढलीत. धारला आत्याच्या सासरीही रंगाऱ्याचंच काम, आणि त्यांचं घर वेशीच्या बाहेर, तिथे असा हुकूम नव्हता. एक घागर विरजण म्हणून तिथे ठेवायची, इथला माठ रिता करायचा आणि नाल्यापलीकडे, गावाच्या हद्दीबाहेर जागा मिळाली की घागर परत आणायची. पौषातली थंडी होती. आपण घागरीला घोंगडी गुंडाळली, मोटारीत मी ती मांडीवर घेतली आणि कंडक्टरने विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "दवाई है." संध्याकाळी पोचलो. आत्याने उबेला, भट्टीजवळ लहान माठ मांडून ठेवला होता, त्यात ती घागर ओतली. तुम्ही वाकून वास घेतलात आणि म्हणालात, दमलाय, उद्या सकाळी गूळ देऊ.

सकाळी आत्याचे सासरे गेले. उठून बसले, पाणी मागितलं आणि आडवे झाले ते झालेच. घराला सुतक लागलं. सुतकात रंगाऱ्याची भट्टी पेटत नाही आणि निळीच्या माठावर धोतर टाकून ठेवतात, त्याला कोणी शिवत नाही. आपल्याकडे आजी गेली तेव्हाही तुम्ही तेच केलं होतंत. पण आपला तो केवढा माठ, दहा दिवस उपाशी राहायचा दम होता त्याच्यात. घागरभर पाण्यात कुठला दम आणि तेही थंडीत. मी म्हटलं, "आप्पा, मला कुठे सुतक आहे? मी घालते गूळ." तुम्ही म्हणालात, "हाताला नाही ग, घराला आहे." दुसरीकडे न्यावं, तर त्या घरातली वस्तू बाहेर कोण घेणार? आणि धारला जे रंगारी होते ते सगळे त्यांचेच भाऊबंद, सगळ्यांना सुतक. आत्याच्या यजमानांना तुम्ही विचारलंसुद्धा नाहीत. ज्या माणसाचा बाप गेलाय त्याला माझ्या माठाचं काय विचारू, म्हणालात.

आपण ओळखीच्या एका घरी उतरलो. रोज सकाळी तुम्ही आत्याच्या दारापर्यंत जायचात आणि उंबऱ्याबाहेर उभे राहायचात. आत त्या माठावर पांढरं धोतर. तुम्ही तिथूनच नाक वर करून वास घ्यायचा प्रयत्न करायचात. बघणाऱ्याला वाटायचं, सोयऱ्याच्या दुःखात उभा आहे माणूस. चौथ्या-पाचव्या दिवशी परत येताना म्हणालात, "वास बदलला." त्यानंतरही जात राहिलात. सुतक फिटल्यावर धोतर काढलं तेव्हा वर साय नव्हती, नुसतं मळकट निळं पाणी होतं. आत्या रडली. तुम्ही तिचीच समजूत घातलीत.

आपण परतलो तोवर महिनाअखेर आली होती, दुसरी घागर भरून ठेवायला ना वेळ उरला होता ना ठिकाण. देवासचा माठ तुम्ही स्वतः उपसलात, दिलेला शब्द म्हणून. गाडी खड्ड्यावर नेताना दरोगा आपणहून मागून ढकलत होता, ते मी पाहिलं. नाल्यापलीकडे जागा मिळाली, तिथे तुम्ही नवा माठ घातलात, तो धरला नाही. पुन्हा घातलात, पुन्हा नासला. नंतर नंतर तुम्ही झाकण उचलून काही विचारत नव्हतात. मग कापडाच्या दुकानात तागे उलगडायच्या कामाला लागलात. तिथे हात स्वच्छच लागायचे. माझेही हात गोरे झाले आणि लग्न जमलं. आई खूश झाली. मलाही आनंदच झाला होता आणि तो आनंद मला कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

काल नातवाचं ऐकल्यापासून मनात तेच चाललंय. तुम्ही अंगणात उभं राहून जे म्हणालात, इस्तेमाल का है पर फेंकने का नहीं है, तेच आता कायद्यात आहे. दरोगा चांगला होता, हुकूमही खोटा नव्हता, खालच्या बायकांची विहीर खरोखरच सुधारली. आत्याचं काय चुकलं? तिच्या सासऱ्यांनी काय मरण पुढे ढकलायचं होतं? राग काढायला कोणी सापडत नाही, म्हणून इतकी वर्षं मी तो तुमच्यावर काढला. खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं, असं मनातल्या मनात तुम्हाला किती वेळा विचारलंय. नातवाला यातलं काही सांगितलं नाही. तो म्हणाला असता, आजी, तेव्हा असा नियम नव्हता ना. तेवढं मलाही कळतं.

हे पत्र घडी करून माझ्या लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवीन, पाठवायचं तरी कुठे. एकच सांगायचं राहिलं. तुम्ही गेलात तेव्हा आंघोळ घालताना कोणीतरी म्हणालं, रंगाऱ्याचे हात असून किती स्वच्छ आहेत. नखांतसुद्धा निळं उरलं नव्हतं. तुमचे निळे हात मला डोळे मिटून, बसून, आठवावे लागतात आप्पा. आपोआप डोळ्यांसमोर येतात ते पांढरेच.