बारकीच्या हॉकीबद्दल घरात झालेला साधकबाधक विचार

तीर्थस्वरूप दादास,

तुझ्या शेंडेफळ बहिणीचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे बसल्या जागेवरूनच घातला आहे, तरी पोचला असं समजावं). इथे आम्ही सगळे धडधाकट. वहिनीची सर्दी गेली. ती आता आमच्या यांना झाली आहे, म्हणजे घरातच आहे. तुझी पाठ कशी आहे? जहाजावरच्या त्या बिछान्याचं वर्णन ऐकून माझा जीव नुसता खालीवर झाला. सोफे-गाद्या करणाऱ्या नानांच्या पोटी जन्म घ्यायचा आणि फळीवर निजायचं, याला काय म्हणावं! असो. पाठीला शेक घे, वाकून काही उचलू नकोस आणि हे पत्र बसून वाच. (खुर्चीचा विषय मी आत्ता काढत नाही.)

पत्राला कारण तूच, आणि तुझी लेक. मागच्या बंदरातून फोन केलास तेव्हा म्हणालास की, बारकीला त्या क्लबाने वर्षभराच्या सरावाला बोलावलंय ते ठीक, पण पोरगी खरंच वरपर्यंत जाणार का, पगारी खेळाडू होणार का, याचा सगळ्यांनी मिळून नीट विचार करा. खात्री असेल तरच पाठवा, नाहीतर शिक्षणाचं वर्ष हकनाक जायचं. शेवटी ‘आणि बारकीला म्हणावं’ एवढं बोललास आणि फोन तुटला. त्यानंतर तुझं जहाज जे समुद्रात शिरलं ते शिरलंच. आम्ही फोन लावून लावून थकलो. ती फोनमधली बाई दरवेळी तेवढ्याच गोड आवाजात सांगते की संपर्क होऊ शकत नाही. तिला एकदाही आमची कीव आली नाही. म्हणून हा सविस्तर वृत्तांत पुढच्या बंदरातल्या तुमच्या कंपनीच्या ऑफिसात धाडते आहे.

तुझ्या आज्ञेप्रमाणे रविवारी सकाळी कारखान्यात बैठक बोलावली. हजर मंडळी: वहिनी, आमचे हे, आपला सुतार (सोफ्याच्या चौकटी नानांच्या वेळेपासून तोच करतो, आणि बैठकीला बोलावलं नसतं तर अबोला धरला असता) आणि मी. सगळे गिऱ्हाइकांच्या तयार सोफ्यांवर बसलो. त्यांवरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं, त्यामुळे कुणी जरा चुळबूळ केली की करकर आवाज यायचा. कोण मनापासून बोलतंय आणि कोण नुसतं बोलायचं म्हणून बोलतंय, हे त्यावरून छान कळत होतं. बारकीला अर्थातच बोलावलं नव्हतं. ती वर गच्चीवर दोरीच्या उड्या मारत होती आणि तिच्या प्रत्येक उडीसरशी छताची माती आमच्या चहात पडत होती. (तू गेल्या खेपेला पाहिलीस ती बारकी आता विसर. नाव तेवढं बारकी उरलंय. कारखान्याच्या दारातून वाकून आत येते आणि कपाटावरचे फोमचे तक्ते शिडीशिवाय काढते.)

पहिलं भाषण आमच्या यांचं. चष्म्याचं दुकान चालवून चालवून यांचं असं मत झालंय की माणसाचं भलंबुरं सगळं डोळ्यांत असतं. बाकीचं शरीर डोळे इकडून तिकडे न्यायला दिलेलं आहे. यांनी बारकीला आदल्या दिवशीच दुकानातला अक्षरांचा तक्ता वाचायला लावला होता. तिने शेवटची ओळ वाचली, आणि त्याखाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. तिथे नाव आहे हे यांना इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तेव्हा नजर पहिल्या नंबरची. पण एवढी स्तुती करून मत दिलं विरोधात! कारण काय, तर बारकी गोलकीपर, आणि संघात गोलकीपर खेळतो एकच. दुसरा असतो तो बाकावर बसून पहिल्याच्या आजारपणाची वाट बघतो. आपली पोरगी दुसऱ्याच्या आजारपणावर टपून बसलेली यांना बघवणार नाही. (यावेळी प्लास्टिक करकरलं नाही, म्हणजे मनापासून म्हणाले.)

मग सुतार. हा तरुणपणी हाफबॅक होता असं तो सांगतो. त्याच्याबरोबर खेळलेलं कुणी आजवर भेटलेलं नाही, पण ते राहू दे. त्याचं म्हणणं, पोरगी म्हणजे ओलं लाकूड. वाळल्याशिवाय ते सरळ राहील की पीळ खाईल हे देवालाही सांगता येत नाही. पण मागची मॅच बघता पीळ खाल्लाय असं वाटतं. म्हणून त्याचंही मत ‘तूर्त नाही’.

आता ही मागची मॅच काय ते सांगायला हवं. बारकीचे जुने पॅड तिला आखूड झाले होते. गोलकीपरच्या नडगीवर आणि बुटांवर बांधायचे ते जाड पॅड तू पाहिले आहेसच. वहिनी म्हणाली, दुकानातून नवे आणू. मी म्हटलं, खबरदार! घरात एवढा कारखाना असताना पॅड बाहेरून आणायचे? उद्या लोक म्हणतील, हिच्या घरच्यांना पोरीच्या पायाला पुरेल एवढा फोम कापता येत नाही. मग मी स्वतः बसले आणि पॅड केले. दादा, काय पॅड झाले होते म्हणून सांगू! आपल्या सगळ्यात भारी सोफ्याला वापरतो तो फोम, वर दुहेरी शिलाई, कडांना गोट. आमच्या यांनी रुंदी नियमात बसते का ते मोजून दिलं. सुताराने हात फिरवून मान डोलावली. अशी शोभा त्या मैदानावर कुणी पाहिली नसेल.

आणि मॅचमध्ये गोलामागून गोल! पोरगी चेंडू अडवत होती बरं का. पाय बरोबर जागेवर जात होता, चेंडू पॅडला लागत होता आणि तिथेच तिच्या पायाशी निपचित पडत होता. मग समोरची कुणीतरी पुढे येऊन त्याला नुसतं ढकलत होती. बारकी मैदानातून घरी आली. पॅड सोडले आणि घरभर फिरत राहिली, दारादारातून वाकून. मी म्हटलं, खेळात असं होतंच. बैठकीत माझी पाळी आली तेव्हा मीही हेच सांगितलं की पोरीचे पाय जड आहेत, ती काही पगारी खेळाडू व्हायची नाही. (माझ्याखालचं प्लास्टिक त्या वेळी का करकरलं ते मला तेव्हा कळलं नाही.)

राहिली वहिनी. बालवाडी चालवणारी बाई ती, सगळ्यांचं ऐकून घेते आणि मग एकच असं विचारते की मोठ्या माणसांनी तोंडावर बोट ठेवून बसावं. म्हणाली, समजा नाही पोचली, तर परत आल्यावर आपण तिला घरात घेणार नाही का?  वरच्या उड्या थांबल्या होत्या. तेवढ्यात सुताराने घसा खाकरला आणि म्हणाला, दादा जहाजावर गेले तेव्हा नानांनी कुठे बैठक घेतली होती? तुला आठवतंय ना दादा? तुला पोहता येत नव्हतं. अजूनही येत नाही! समुद्रावर निघालेला मुलगा गळाभर पाण्यातही कधी उतरलेला नाही, आणि नाना त्याला काय म्हणाले, तर आभाळाकडे बघून नुसतं ‘छत्री घेऊन जा’. बस्स. त्या माणसाने आयुष्यात कुणाला जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही, जे काय म्हणायचं ते छत्रीत म्हटलं. तर ते असो. बैठक बरखास्त झाली. तीन मतं विरोधात, एक प्रश्न.

दुसऱ्या दिवशी बारकीच्या कोचबाई कारखान्यात आल्या. शिडशिडीत बाई, बसायला सांगितलं तरी उभ्याच राहणाऱ्या. मला पोरीबद्दल त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून मी आग्रह करकरून त्यांना आपल्या भारीतल्या सोफ्यावर बसवलं. बसल्या त्या गेल्याच! गुडघे हनुवटीला टेकले. उठायला गेल्या की आणखी आत. सुतार धावला, त्याने एक हात धरला, मी दुसरा. बाई अर्ध्या वर आल्या आणि अर्ध्यातच थांबून कोपऱ्यातल्या पॅडकडे बघायला लागल्या. मग मला म्हणाल्या, ‘ताई, हाच माल तिच्या पायात आहे का?’

दादा, माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. मला सांग, आपण आयुष्यभर केलं काय? जे येऊन आदळेल ते अलगद बसलं पाहिजे, उसळता कामा नये, हीच आपल्या घराण्याची विद्या. नाना गिऱ्हाइकाला हेच दाखवायचे ना, गादीवर चेंडू टाकून? बघा, उडत नाही! आणि गोलकीपरच्या पॅडचं काम नेमकं उलटं. चेंडू लागला की लांब गेला पाहिजे. मी माझ्या हातांनी, दुहेरी शिलाईने, पोरीच्या पायांना सोफे बांधले होते. आणि वर बैठकीत बसून सांगत होते की पाय जड आहेत! बाई गेल्यावर मी मालाच्या खोलीत जाऊन रडले. तुला म्हणून सांगते, बाकी कुणाला वाटतंय की मी फोम मोजत होते.

मग कडक फोम हवा होता. अगदी दगडासारखा दाबलेला. तसा माल हल्ली मिळत नाही, बाजार पालथा घातला. शेवटी मिळाला. (कुठे, ते विचारू नकोस.) नवे पॅड केले, बारकीला बांधले आणि मागच्या अंगणात सोफ्याच्या दोन चौकटी उभ्या करून गोल केला. सुताराला म्हटलं, हाफबॅक होतास ना, मार! त्याने बाह्या सरसावल्या आणि जन्माचं उट्टं काढल्यासारखा चेंडू हाणला. बारकीचा पाय कधी गेला ते दिसलंसुद्धा नाही. चेंडू पॅडला लागला, सुताराच्या कानाजवळून परत गेला, भिंतीवरून पलीकडे, आमच्या यांच्या दुकानाच्या मागच्या खिडकीतून आत आणि थेट कपाटातल्या फ्रेमांवर. हे बाहेर आले ते हातात वाकडी फ्रेम घेऊन. मी म्हटलं, आता आभाळ कोसळणार. तर हे विचारतात, तिच्या पायावरून इतक्या लांब? आणि मग सर्दी-बिर्दी विसरून म्हणतात, पुन्हा मारा बघू, मला नीट दिसलं नाही. संध्याकाळपर्यंत तेच चाललं होतं. बारकी हसत होती, दादा. मॅचनंतर पहिल्यांदा.

तरी खात्रीचं म्हणशील तर बैठक पुन्हा घेतली आणि पुन्हा काही ठरलं नाही. यांनी मत फिरवलं, पण बाकावरच्या गोलकीपरची काळजी काही सोडली नाही. सुतार म्हणतो, लाकूड अजून ओलंच आहे. कोचबाईंना स्पष्ट विचारलं, तर त्या म्हणाल्या, अशा पुष्कळ पोरी येतात, वर फार थोड्या जातात, आणि ही त्यांतली आहे का ते वर्षभराने विचारा. तेव्हा सगळ्यांनी मिळून नीट विचार करून कळवते की, बारकी पगारी खेळाडू होईल की नाही हे सांगता येत नाही. तुझी अट खात्रीची होती. खात्री नाही. तुझ्या शब्दाबाहेर आम्ही कुणी नाही.

पाठीला जप. वेळेवर जेवत जा. वहिनीचा नमस्कार, सुताराचाही.

तुझी,
धाकटी

ता. क. खुर्चीचं सांगायचं राहिलं. तुझ्या पाठीसाठी डॉक्टरांनी कडक बैठक सांगितली होती म्हणून मी करून दिलेली खुर्ची आता आतून रिकामी आहे. वरून दिसत नाही, पण आल्या आल्या एकदम बसू नकोस.

ता. क. दुसरा. बारकी आज सकाळच्या बसने क्लबाकडे गेली. वहिनीने आणि मी मिळून पाठवली. ‘तुझ्या शब्दाबाहेर नाही’ असं वर लिहिलंय ते आदराने लिहिलंय, तसंच वाच.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं एवढ्यासाठीच. पोरगी बसच्या पायरीवर अडली. आई जा म्हणाली, मी जा म्हटलं, पण ती हलेना. म्हणाली, आत्या, बाबा काय म्हणाले ते सांग. आता ‘बारकीला म्हणावं’च्या पुढे तू काय म्हणणार होतास ते तुला एकट्याला ठाऊक. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, बाबा म्हणाले, छत्री घेऊन जा. तिने माझ्या हातातली छत्री घेतली आणि चढली. तेव्हा दादा, बंदराला लागलास की आधी तिला फोन कर, आणि पहिलं वाक्य छत्रीचं बोल. पावसाचा विषय मात्र काढू नकोस. सकाळपासून इथे कडक ऊन आहे. ते तिलाही दिसत होतं, तरी तिने छत्री नेली.