चौगुले बी., अकरा होम रन

५ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी ७.
नवी डायरी. आमच्या मुलानं, अतिशयनं, पुण्याहून पाठवली, त्याच्या कंपनीची. पाच दिवस उशिरा आली, त्यामुळे एक तारखेचे संकल्प आजपासून धरावेत. रोज चालणे. गोड बंद. आणि अर्जुनाला न्याय.
तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. पेपरात बातमी आहे. सातारा-सांगली मिळून बेसबॉलची ‘गौरव भिंत’ होणार. जुन्या पाच खेळाडूंची नावं ग्रॅनाइटवर कोरणार. वाचलं आणि चहा तसाच गार झाला. पहिलं नाव अर्जुना बंडगरचंच पाहिजे! असा मारणारा या दोन जिल्ह्यांत झाला नाही. साताऱ्याचा वीरधवल स्वतःला फार समजायचा, पण त्याचे होम रन (म्हणजे क्रिकेटमधले सिक्सरच) सहा, तेही दुप्पट मॅचेस खेळून. अर्जुनाचे अकरा. हे कुणी ऐऱ्यागैऱ्यानं सांगितलेलं नाही. एकूण एक मॅचचा स्कोअर मी माझ्या हातानं लिहिलाय.
गुणमालानं विचारलं, बेसबॉल म्हणजे क्रिकेटच का ओ ते? तेहतीस वर्षं संसार झाला आमचा.

७ जानेवारी.
चाललो नाही. थंडी. अर्जाचा मसुदा घेतला. अर्ज कोण करतोय हे समितीला कळायला हवं, म्हणून आधी माझी थोडी ओळख लिहिली. दीड पान झाली. अर्जुनाचा भाग उद्या.

१० जानेवारी.
एक बारीक टेक्निकल अडचण आहे. डायरी माझीच, लिहायला हरकत नाही.
अर्जुना कॉलेजचा नव्हता. जतहून पोट भरायला आलेला, माधवनगरच्या गिरणीत कामाला. टीमला फक्त विद्यार्थी चालायचे. मग त्या काळी सगळेच करायचे तेच आम्ही केलं. तो माझ्या आयकार्डावर खेळला. फोटो अंधुक होता आणि मिशी दोघांनाही होती. मैदानात तो ‘चौगुले बी.’, आणि खरा चौगुले बी. बाहेर टेबलाशी स्कोअर लिहायला. तीन सीझन. अकराच्या अकरा होम रन मी माझ्याच नावापुढे लिहिले.
म्हणजे कागदावर अकरा होम रन माझे. प्रत्यक्षात बॅटला हात लागला तो टेम्पोतून सामान उतरवताना. समितीला एवढं एक वाक्य सांगितलं की विषय संपला. पाच मिनिटांचं काम.

१२ जानेवारी, रविवार.
एसटीनं जत, तिथून जीपनं वस्तीवर. कंबर मोडली. अर्जुना मेंढरांच्या वाड्यात होता. आवाज पार बसलेला, गळ्याला गाठ. त्याची बायको मनुबाई म्हणाली, मिरजेला दावलंय, कॅन्सर म्हनत्यात. असं म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.
तो मात्र हसला. व्हय रं भरत्या, अजून इसरला न्हाईस व्हय मला? मी गौरव भिंतीचं सांगितलं. म्हणाला, सोड की गड्या, लय वरसं झाली, आता कोन बगतंय. पण मला रस्त्यापर्यंत सोडायला आला तेव्हा खाली बघत म्हणाला, नाव लागलं तर एकदा यीन म्हनतो बगायला. शिवांजलीला वाचाय येतंय आता. (शिवांजली म्हणजे नात, दुसरीत आहे.) तिला दावीन. रेशन कार्ड सोडलं तर माजं नाव कुटं लिवलेलंच न्हाई गड्या.
त्याचा हात हातात घेऊन शब्द दिला. डोळ्यांत पाणी आलं. माझ्या.

१४ जानेवारी. संक्रांत.
गोड बंद, पण सण आहे.
अर्ज पोस्टानं रवाना. सोबत माझा एक फोटो जोडला, अर्जदाराचा. आयकार्डाची बाब अर्जात घातली नाही. अशा गोष्टी समोरासमोर सांगाव्यात.

१९ जानेवारी, रविवार.
साताऱ्याला समितीची मीटिंग. मला खास बोलावणं. अध्यक्ष राजवर्धन साहेब, आर्मीतले रिटायर्ड मेजर. सेक्रेटरी स्वप्नाली मॅडम, शाळेत खेळ शिकवतात. त्यांनी जुन्या सगळ्या स्कोअरच्या वह्या कॉम्प्युटरवर चढवल्यात. सर, अर्जातलं तुमचं अक्षर काय सुंदर ओ, म्हणाल्या. बरं वाटलं. आजकाल अक्षराकडे कोण बघतं?
मग म्हणाल्या, अर्जुना बंडगर नावाचा माणूस एकाही वहीत सापडत नाही, सर. पण सगळ्यात वर कोण निघालं माहितीय का? चौगुले बी.! म्हणजे तुम्हीच की! आपल्या हॉल ऑफ फेमचं पहिलं नाव, आणि स्वतःचा अर्ज सोडून मित्राचा अर्ज करताय!
सगळे उभे राहिले. मेजर साहेबांनी सॅल्यूट ठोकला. बहुत बडा दिल है चौगुले, म्हणाले.
मी सांगणारच होतो. तोंड उघडलंही होतं. पण साडेपाच होत आलेले, आणि आम्हा जैनांत जेवण सूर्यास्ताच्या आत. घाईनं निघालो.
(सात वाजता स्टँडवर वडापाव. प्रवासात चालतं.)

२१ जानेवारी.
स्वप्नाली मॅडमना सविस्तर पत्र लिहिलं. सगळं खरं खरं. गुणमालाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, नोकरी कशावर लागली होती ओ तुमची?
आता हे तिनं काढायची गरज होती का? नोकरी खेळाडू कोट्यातून लागली, मान्य. सर्टिफिकेट त्याच अकरा होम रनचं, तेही मान्य. पण टायपिंग माझं मी शिकलो. पस्तीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात एक फाइल इकडची तिकडे झाली नाही. अर्जुनानं टायपिंग केलं असतं का?
पेन्शनची केस मात्र अजून वरच अडकलीय. उगाच कुणाच्या डोक्यात चौकशीचा किडा नको. पत्र तयार आहे. पाकिटावर तिकीटसुद्धा लावलंय. फक्त टाकायचं.

२९ जानेवारी.
मिरजेत अर्जुनाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला. कायमचा, डॉक्टर म्हणाले.
भेटून आलो. नाकात नळी, गळ्याला भोक. मला बघून उठायला लागला, मनुबाईनं दाबून निजवला. मग त्यानं तळहातावर बोटानं लिहिल्यासारखं केलं आणि भुवया उडवल्या. मला कळलं. म्हटलं, काम चालू आहे. यात खोटं काही नाही, काम चालूच आहे. मनुबाईनं विचारलं, कवा लागनार वो पाटी? म्हटलं, फेब्रुवारीत. मग तिनं मला केळं दिलं. त्याच्यासाठी आणलेलं, त्याला गिळता येत नाही म्हणून.
खाल्लं नाही. पिशवीत राहिलं. पत्रही त्याच पिशवीत होतं. दोन्ही खराब झालं.

३ फेब्रुवारी.
यादी जाहीर. पहिलं नाव: भरतेश चौगुले.
दुपारपर्यंत एक्केचाळीस फोन. अतिशयनं स्टेटसला लावलं. व्याह्यांचा फोन, आजवर कधी बोलले नाहीत एवढं बोलले. कॉलेजचे माजी प्राचार्य म्हणाले, चौगुले, तुम्ही आमच्यासमोर पस्तीस वर्षं बसला आणि आम्हाला पत्ता नाही.
आता पत्रानं नकार कळवणं शोभणार नाही. विचारांती ठरवलं: २३ तारखेला भिंतीच्या उद्घाटनाला स्टेजवरूनच सत्य जाहीर करायचं. बंद पाकिटातल्या सत्यापेक्षा चारचौघांतलं सत्य कधीही उंच. भाषण लिहिलं. कुठं थांबायचं तिथं लाल शाईनं खुणा केल्या. अर्जुनाचं नाव घेतल्यावर पाच सेकंद थांबायचं. टाळ्या पडतील.

८ फेब्रुवारी.
ब्लेझर शिवायला टाकला. नेव्ही ब्लू. सत्य सांगणारा माणूस नीटनेटका दिसला पाहिजे.

१२ फेब्रुवारी.
गुणमाला सकाळपासून एकच धोशा लावून बसलीय. त्या माणसाला कळवलंत का ओ? कसं कळवणार? त्याला फोनवर बोलता येत नाही. मग म्हणाली, ऐकायला येतं की त्याला.
चिडलो. बोलायचं म्हणून बोलते ही. भाषणात तिचेही आभार होते, ते खोडले.

१७ फेब्रुवारी.
भाषणाची आरशासमोर तालीम. ‘ते अकरा होम रन माझे नव्हते’ या वाक्याला आवाज बसतो. लवंग चघळून बघितली. फरक नाही. वाक्य थोडं मवाळ केलं: ‘ते अकरा होम रन माझ्या एकट्याचे नव्हते.’ हे छान बसतं तोंडात.

२३ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.
जसं झालं तसं लिहितो.
अर्जुना आला होता. मी बोलावलं नव्हतं. शेजाऱ्याच्या पिकअपमधून, जतहून, त्या अवस्थेत. इस्त्रीचा पांढरा सदरा, गळ्याला बँडेज. बरोबर मनुबाई आणि शिवांजली, नवीन फ्रॉकमध्ये. हॉलच्या दारातच भिंत आहे. पडदा काढून झाला होता. मी पोचलो तेव्हा पोरगी एकेका अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचत होती. पाची नावं वाचली. मग परत पहिल्यापासून पाची वाचली. मग म्हणाली, आज्जा, तुजं कुटं हाय?
मनुबाईनं माझ्याकडं बघितलं. अर्जुनानं बघितलं नाही. त्यानं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मागच्या खुर्च्यांकडं घेऊन गेला.
मला स्टेजवर बोलावलं. कागद खिशात होता. खरंच होता, आताही आहे. पण माइक शिट्ट्या मारत होता, आणि मेजर साहेबांनी आधीच बजावलेलं, प्रत्येकी दोन मिनिट, बस. दोन मिनिटांत एवढा गंभीर विषय उरकणं म्हणजे अर्जुनावरच अन्याय. आई-वडिलांचे, गुरुजनांचे आभार मानले. ‘आणि पडद्यामागच्या असंख्य हातांचे’ असंही म्हटलं. त्या हातांत अर्जुना येतोच. समजणाऱ्याला समजलं असेल.
मग फोटोवाले म्हणाले, सर, बॅट घेऊन एक पोज द्या. कुणीतरी बॅट हातात दिली. धरली. समोर मुलींची टीम बसली होती, ती फिस्सकन हसली. का हसल्या कळेना. स्वप्नाली मॅडम आधी हसत होत्या, मग त्यांचं हसू थांबलं. फोटोवाला म्हणाला, सर, नेहमी धरता तशी धरा की.
मागून अर्जुना उठला. भिंतीचा आधार घेत, एकेक पायरी चढत वर आला. काही बोलणं शक्यच नव्हतं. माझे दोन्ही हात सोडवले, खालचा वर केला, वरचा खाली. कोपर उचललं. पायानं माझा पाय मागं सारला, हनुवटी धरून मान खांद्याकडं वळवली. त्याचा हात तापानं भाजत होता. तोंडाकडं एकदाही बघितलं नाही. माझे हात परत एकदा घट्ट दाबले, तेवढ्यात फोटोवाल्यानं खटका मारला.
टाळ्या पडल्या. पाच सेकंदांहून जास्त.
परत पायऱ्या उतरताना मनुबाईनं त्याला धरलं. पिकअप लगेच गेली.

२४ फेब्रुवारी.
पेपरात पान तीनवर फोटो, रंगीत. खाली ओळ: ‘गौरवमूर्ती भरतेश चौगुले आपल्या एका चाहत्यासोबत.’ ओळ मी दिलेली नाही. पेपरला फोन करून दुरुस्ती सांगणार होतो, पण एवढ्या तेवढ्यासाठी लोक दुरुस्ती छापत नाहीत.
दुपारी स्वप्नाली मॅडमचा फोन. सर, बॅट धरायची विसरलात? म्हटलं, वय, मॅडम. मग त्यांनी विचारलं, ते वर आलेले कोण होते? तुम्ही बंडगर म्हणत होता ते हेच का? म्हटलं, हो, जुना मित्र. खेळायचे का ते?
म्हटलं, थोडंफार.

२ मार्च.
पेन्शन मंजूर झाल्याचं पत्र. पेढे आणले. गुणमालानं घेतला नाही. आता मोकळा झालो. पहिलं काम स्वप्नाली मॅडमना सगळं सांगणे. मार्च एंड आहे, शाळेत त्यांना गडबड असेल. एप्रिलमध्ये निवांत भेटावं.

११ मार्च, मंगळवार.
अर्जुना काल गेला.
वस्तीवरनं शेजाऱ्याचा फोन आला. उद्या रक्षाविसर्जन, फाट्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचाय, त्यांच्याकडे त्याचा धड एक फोटो नाही. मनुबाईनं निरोप दिला होता, पेपरातला तेवढा हाय, भरतेसभाऊंस्नी सांगा, त्येच करत्यात.
सांगलीत फ्लेक्सच्या दुकानात गेलो. पोर्‍यासारखा दिसणारा ऑपरेटर, पण हात चलाख. फोटोतून त्यानं मला काढलं आणि अर्जुनाला मोठं केलं. त्याचे हात माझ्या हातांवर होते, ते कापावे लागले. मागं निळं आकाश टाकलं. चेहरा चांगला आलाय. बॅटिंगला उतरताना असाच दिसायचा, ओठ मिटून.
कै. अर्जुना बंडगर. नावाखाली काय टाकू, त्यानं विचारलं. मी म्हटलं, लिही, अकरा होम रन मारणारा सांगली जिल्ह्याचा खेळाडू. त्यानं लिहिलं. पिवळ्या अक्षरांत, मोठं. बराच वेळ बघत उभा राहिलो. रडू आलं, लपवलं नाही. पहिल्यांदाच कुठंतरी त्याच्या नावाखाली लिहिलेलं बघत होतो.
मग लक्षात आलं. भिंतीवरही अकरा, फ्लेक्सवरही अकरा. फाट्यावरनं सगळी दुनिया जाते. पेपरवाले जातात. मंजूर झालेली पेन्शन थांबवताही येते, असं ऑफिसात ऐकलंय. म्हटलं, ती ओळ काढ.
मग काय टाकू काका, लवकर सांगा, म्हणाला.
म्हटलं, ‘मनमिळाऊ’ टाक.
त्यानं टाकलं. सगळ्यात खाली ‘शोकाकुल’ म्हणून माझं नाव. त्यानं माझ्याकडं बघितलं, ओळखलं, आणि मी काही सांगायच्या आत नावापुढे स्वतःहून टाइप केलं: ‘सुप्रसिद्ध होम रनवीर’. काढ म्हणणार होतो. पण मागे लग्नाच्या बॅनरवाले दोघे ताटकळत होते, म्हणून राहू दिलं.