व्हाळ वाटून घेतला

१८ फेब्रुवारी
पाट कोरडा, डोंगरातल्या व्हाळाचं पाणी खालपर्यंत पोचतच न्हाई. वायंगणातल्या, उन्हाळी भाताच्या वरच्या खाचराला भेगा पडल्यात. भात पोटरीला आलंय — आत्ता पाणी तुटलं तर दाणा भरायचा न्हाई. हे वर जाऊन बघून आले. वरच्या वाडीतल्या महाबळेश्वरनं नव्या सुपारीसाठी व्हाळात आणखी एक पाइप टाकलाय. "रात्री जाऊन उपटतो," म्हणाले. मी म्हटलं, नको. उद्या मी जाते.

१९ फेब्रुवारी
भांडायचं ठरवूनच गेले होते. महाबळेश्वरची बायको सुंदरीअक्का बागेतच होती. मी तोंड उघडायच्या आत हात धरून झाडांत घेऊन गेली. जुनी सुपारीसुद्धा पिवळी पडलीय.

"आम्हांला तरी कुठं पुरतंय, सुमंगला?"

दोघी व्हाळाच्या काठानं उगमापर्यंत चालत गेलो. पाणी कुणी चोरत न्हाई. व्हाळ पूर्वीएवढाच हाय, त्याच्यावर पिणारी शेतं वाढली. तिची वाढली, तशी आमचीही. "मी लग्न होऊन आले तवा तुमची खालची खाचरं पडीक होती," ती म्हणाली. खोटं कसं म्हणणार?

शेवटी मीच बोलले. एक दिवस पाणी तुमचं, एक दिवस आमचं. आम्ही खालची खाचरं सोडतो, तू नवी रोपं सोड.

रोपं तिनं स्वतःच्या हातानं लावलेली. मग म्हणाली, "व्हय."

२० फेब्रुवारी
हे जेवले न्हाईत. उभं भात सोडायचं म्हणजे काय!

२१ फेब्रुवारी
आमची पाळी. महाबळेश्वरनं आपणच पाइप काढला, पाटाच्या तोंडाशी दगड रचले. ह्यांनी त्याला तंबाखू दिली. मग दोघं बसून अभयारण्यातल्या गव्यांवर बोलत राहिले. पाण्याचं नावसुद्धा कुणी काढलं न्हाई.

१० मार्च
सोडलेल्या खाचरात गुरं घातली. बघवेना, मागं फिरले. वरच्या खाचरातलं एक कणीस घेऊन दाणा दाबला. दूध आलं. घरी येईपर्यंत हसत होते.

१२ एप्रिल
कापणी झाली. सुंदरीअक्का न बोलावता विळा घेऊन आली. दुपारी आंब्याखाली जेवलो. तिची जुनी सुपारी सावरलीय. हे महाबळेश्वरला म्हणाले, "पुढच्या साली पेरायच्या आधीच पाळी ठरवू." मला आज कुणी काही विचारलं तरी मी हो म्हटलं असतं, इतकं बरं वाटत होतं.

३ मे
सुंदरीअक्का आली होती. अभयारण्याच्या हद्दीतल्या वरच्या वाडीनं रान सोडून पुनर्वसनाला जायचं कबूल केलंय. सगळी घरं, पावसाच्या आधी. उठताना म्हणाली, "आता सगळा व्हाळ तुझाच गं." मी तिला म्हटलं, अजून थोडी बस.